शिकवण्याआधीचं शिक्षण

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)



आपल्याकडे एखाद्या मुलानं किंवा मुलीनं ‘मी बी.एड. करतेय’ असं सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘विषय कोणता?’ मराठी, गणित, विज्ञान, इतिहास. उत्तर काहीही असलं तरी विचारणाऱ्याचं समाधान होतं. पण उत्तर ‘स्पेशल एज्युकेशन’ असं आलं, तर समोरचा माणूस क्षणभर थांबतो. मग म्हणतो, ‘म्हणजे त्या मुलांना सांभाळायचं का?’ दुसरा म्हणतो, ‘पुण्याचं काम आहे बाई.’ आणि तिसरा आवाज खाली आणून विचारतो, ‘दुसरीकडे कुठे नंबर लागला नाही का?’

हे तिन्ही प्रश्न मी माझ्याच घरात ऐकले आहेत. माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीनं काही वर्षांपूर्वी सोलापुरातून पदवी घेतली आणि विशेष शिक्षणाच्या अभ्यासक्रमासाठी मुंबईला जायचं ठरवलं, तेव्हाचे हे प्रश्न. आज मी बोलणार आहे ते या अभ्यासाबद्दल. मी स्वतः बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. या शास्त्राचा मी जाणकार नाही. पण भाची सुट्टीला घरी यायची तेव्हा तिच्या वह्या, तिची उपकरणं आणि तिच्या गप्पा यांच्यातून मला जे कळलं, त्यातलं बरंचसं भाषेबद्दल होतं. आणि भाषा हा माझाही रोजचा व्यवहार आहे.

आधी थोडी माहिती सांगतो. भारतात विशेष शिक्षक कुणालाही होता येत नाही. संसदेनं १९९२ मध्ये भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा केला. डॉक्टरांची जशी नोंदवही असते, तशी पुनर्वसनाच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांची केंद्रीय नोंदवही या परिषदेकडे असते. परिषदेनं मान्य केलेला अभ्यासक्रम पूर्ण करायचा, नोंदणी क्रमांक घ्यायचा, मगच विशेष शिक्षक म्हणून काम करायचं, असा नियम आहे. बारावीनंतर पदविका आहे, पदवीनंतर बी.एड. आहे. माझी भाची शिकली तो बी.एड. दोन वर्षांचा होता. त्यात शाखा निवडावी लागते: श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, स्वमग्नता. अभ्यासक्रमांची रचना अधूनमधून बदलते, तेव्हा प्रवेश घेण्यापूर्वी त्या संस्थेला परिषदेची मान्यता आहे का, हे प्रत्येकानं तपासावं.

मुंबईत हे शिक्षण देणाऱ्या जुन्या संस्था आहेत. एसएनडीटी महिला विद्यापीठात विशेष शिक्षणाचा विभाग आहे. चेंबूरला हशू अडवाणी महाविद्यालय आहे. वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे, ती १९८३ साली सुरू झाली. अली यावर जंग हे उस्मानिया आणि अलीगढ या दोन्ही विद्यापीठांचे कुलगुरू होते आणि १९७१ ते १९७६ या काळात महाराष्ट्राचे राज्यपाल होते. मुंबईच्या पश्चिम द्रुतगती मार्गालाही त्यांचंच नाव आहे. त्या रस्त्यावरून रोज लाखो लोक जातात, पण त्याच नावाच्या संस्थेत ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवणारे शिक्षक तयार होतात, हे त्यातल्या फार थोड्यांना माहीत असेल.

विद्यापीठं या कामाकडे वळण्याच्या कितीतरी आधी घरांनी आणि धर्मादाय संस्थांनी हे काम सुरू केलं होतं. कर्णबधिर मुलांची शाळा मुंबईत एकोणिसाव्या शतकातच निघाली. १९४४ मध्ये मुंबईच्या वकील दांपत्यानं आपल्या जय नावाच्या मुलीसाठी घरातूनच शाळा सुरू केली, तीच आजची जय वकील शाळा. पुण्यात १९६४ साली सिंधूताई जोशी यांनी ‘कामायनी’ काढली. १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी उभारली. त्यांची स्वतःची मुलगी सेरेब्रल पाल्सी घेऊन जन्मलेली होती. आई-बापांनी अनुभवातून, ठेचा खात जे मिळवलं, त्याचं शास्त्र करून पुढच्या शिक्षकाच्या हाती देणं हे विद्यापीठाचं काम. ‘त्यात शिकायचं काय असतं? माया असली की झालं,’ असं म्हणणाऱ्यांना माझं हेच सांगणं असतं. माया आईकडे भरपूर असते. तरीही ती शिक्षकाच्या दारात येते, कारण मायेला वाट सापडत नसते.

आता भाषेकडे येतो. पूर्वी आपण सर्रास ‘मूकबधिर’ म्हणत असू. जुन्या शाळांच्या पाट्यांवर हा शब्द आजही दिसतो. या अभ्यासात पहिल्याच आठवड्यात त्यातला ‘मूक’ काढून टाकायला शिकवतात. शब्द ‘कर्णबधिर’. कारण असं, की बहुतेक कर्णबधिर मुलांचा गळा, जीभ, ओठ ठणठणीत असतात. मूल बोलत नाही, कारण त्यानं बोलणं ऐकलेलंच नसतं. आपण सगळे ऐकून बोलायला शिकलो. म्हणजे दोष एक, आणि दुसरा त्या दोषाचा परिणाम. ‘मूकबधिर’ या शब्दानं दोन्ही एका गाठीत बांधले आणि परिणामालाच नशीब ठरवून टाकलं. एका शब्दानं किती पिढ्यांचं बोलणं अडवलं असेल, याचा विचार लिहिणाऱ्यांनी तरी करावा.

भाचीनं एकदा मला आरशासमोर उभं केलं आणि आवाज न काढता तीन शब्द म्हणायला लावले: पापा, बाबा, मामा. श्रोतेहो, आपणही करून पाहा. तिन्ही वेळा ओठ अगदी सारखे हलतात. ओठ वाचून बोलणं समजून घेणाऱ्या मुलाला बाप कोणता आणि मामा कोणता, हे ओठांवरून कळूच शकत नाही. मग शिक्षक काय करतो? मुलाचा हात आपल्या गळ्यावर ठेवतो. ‘ब’ म्हणताना गळा थरथरतो, ‘प’ म्हणताना थरथरत नाही. मग बोट नाकाच्या बाजूला ठेवतो. ‘म’ म्हणताना नाक थरथरतं. ओष्ठ्य, घोष, अनुनासिक हे शब्द आपण व्याकरणात पाठ करून परीक्षेत लिहिले. इथं ते बोटांनी चाचपून शिकावे लागतात. एवढं जवळून मराठी वर्णमालेकडे पाहणारा दुसरा कोणताही अभ्यास मला माहीत नाही.

ऑडिओग्राम नावाचा एक आलेख तिला वाचता यावा लागे. त्यावर मुलाला किती आवाज ऐकू येतो, हे आडव्या-उभ्या रेघांवर मांडलेलं असतं. गंमत अशी, की आवाज जितका मोठा, तितका तो आलेखात खाली जातो. आणि हा आलेख नुसतं ‘ऐकू येतं’ की ‘येत नाही’ एवढंच सांगत नाही. ‘म’, ‘न’, ‘ऊ’ असे खालच्या पट्टीतले आवाज ऐकू येणाऱ्या मुलाला ‘स’ अजिबात ऐकू येत नाही, असंही असतं. मग वर्गात अशा मुलाला ‘बस’ म्हटलं, की ‘ब’पर्यंतच पोचतं. मुलगा बसत नाही. गुरुजी म्हणतात, हट्टी आहे. या अभ्यासानं मिळणारी पहिली विद्या हीच: मुलाला हट्टी म्हणण्याआधी त्याच्यापर्यंत काय पोचलं, ते पाहणं.

दृष्टिदोषाच्या शाखेत तिची एक मैत्रीण होती. ती घरी आली तेव्हा तिनं ब्रेलची पाटी आणि टोचणी माझ्यापुढे ठेवली. सहा टिंबांचा खेळ. त्यातून ६३ चिन्हं होतात आणि तेवढ्यात जगातल्या कितीतरी भाषा बसवल्या आहेत. आपल्याकडे स्वातंत्र्यापूर्वी ब्रेलच्या अनेक पद्धती चालत होत्या. १९५१ मध्ये सर्व भारतीय भाषांसाठी एक भारती ब्रेल स्वीकारली गेली. त्यात मला दोन गोष्टी अशा सापडल्या, की त्या रात्री झोप आली नाही.

पहिली गोष्ट ऱ्हस्व वेलांटीची. ‘कि’ लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो आणि ‘क’ नंतर. उच्चारात मात्र ‘क’ आधी येतो. लहान मुलं इथं हमखास अडखळतात. ब्रेलमध्ये आधी ‘क’ आणि मग ‘इ’. जसं कानाला येतं, तसंच बोटाला येतं.

दुसरी गोष्ट माझ्या जास्त जवळची आहे. माझ्या घरात दोन लिप्या नांदल्या. अब्बांची उर्दू उजवीकडून डावीकडे जायची, माझी मराठी डावीकडून उजवीकडे. या दोन दिशांवरून लोकांनी किती राजकारण केलं, ते आपण जाणता. ब्रेलच्या पाटीवर कागद मागून टोचायचा असतो, म्हणून कोणतीही भाषा लिहिताना हात उजवीकडून डावीकडे जातो. कागद उलटला, की तीच भाषा डावीकडून उजवीकडे वाचायची. आणि मराठीतला ‘ब’ व उर्दूतला ‘बे’, मराठीतला ‘म’ व उर्दूतला ‘मीम’ यांची टिंबं एकच आहेत. डोळस माणसांना जे भांडण इतकं मोठं वाटतं, ते बोटांखाली मुळात नाहीच.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठीचा अभ्यास आणखी वेगळा. तिथं शिकवायचं असतं शर्टाचं बटण लावणं, दात घासणं, पैसे मोजणं, बसमधून उतरायची जागा ओळखणं. आपण ही कामं इतक्या सहज करतो, की त्यांना पायऱ्या असतात हे आपल्याला आठवतही नाही. बटण लावणं म्हणजे काजं धरणं, बटण दुसऱ्या हाताच्या चिमटीत घेणं, ते काजातून अर्धं ढकलणं, हात बदलणं, पलीकडून ओढणं. प्रत्येक पायरी वेगळी शिकवायची. आणि पुष्कळदा सुरुवात शेवटच्या पायरीपासून करायची. शिक्षकानं चार पायऱ्या स्वतः करायच्या आणि फक्त शेवटचं ओढणं मुलाकडे सोपवायचं. म्हणजे पहिल्या दिवसापासून काम पूर्ण झाल्याचा आनंद मुलाच्या वाट्याला येतो. मग हळूहळू एकेक पायरी मागे सरकायचं. आपल्या नेहमीच्या शाळेत आपण नेमकं उलट करतो. आरंभच एवढा अवघड ठेवतो, की शेवटाचा आनंद थोड्यांनाच मिळतो.

प्रत्येक मुलासाठी वेगळा शैक्षणिक आराखडा लिहावा लागतो. मूल आज काय करू शकतं, तीन महिन्यांनी काय करू शकेल, ते कसं मोजायचं, हे सगळं कागदावर. ‘मुलाची प्रगती समाधानकारक आहे’ हे वाक्य तिथं चालत नाही. ‘पाचपैकी चार वेळा मदतीशिवाय बटण लावतो’ हे चालतं. आमच्या साहित्यिक मंडळींना अशा वाक्यांची सवय लागली, तर किती बरं होईल!

मघाशी म्हणालो, घरात प्रश्न उठले. त्यांच्यामागे एक कारण होतं, ते आता सांगतो. भाचीचा धाकटा भाऊ जन्मापासून कर्णबधिर आहे. आमच्यात मूल चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं झालं, की बिस्मिल्लाह करतात. मौलवीसाहेब शब्द म्हणतात, मूल मागून म्हणतं, आणि तिथून त्याचं शिक्षण सुरू झालं असं मानतात. या मुलानं काय म्हणायचं, असा प्रश्न बिरादरीत निघाला. पाहुण्यांपैकी कुणीतरी ‘राहू द्या, काय उपयोग’ असं बोलून गेलं. भाची तेव्हा शाळेत होती. ती त्या वाक्याला उत्तर देण्यासाठीच या अभ्यासाकडे गेली, असं मी समजतो. माझे मेहुणे मात्र म्हणत, ‘एक मूल घरात असं, आता मुलगीही जन्मभर त्यातच?’ त्यांची भीतीही खोटी नव्हती. फी भरायची, दोन वर्षं मुंबईत ठेवायचं, आणि पुढं नोकरी मिळाली तर कंत्राटी.

ती शिकायला लागली आणि घरात नवाच पेच उभा राहिला. मुलाला भाषा कोणती द्यायची? घरात बोलतात दखनी. गावातली कर्णबधिरांची शाळा मराठी माध्यमाची. आमची आपा उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. एका तज्ज्ञानं सल्ला दिला, ‘एकच भाषा धरा.’ ऐकायला सोपं वाटतं. पण घरात ते चार माणसांचं भांडण झालं. मराठी धरली, तर आई मुलाशी परक्या भाषेत अडखळत बोलणार. दखनी धरली, तर शाळेतली पुस्तकं परकी. मेहुणे म्हणत उर्दू, कारण धर्माचं शिक्षण त्यात आहे.

भाचीच्या अभ्यासाचा खरा उपयोग मला तेव्हा दिसला. तिनं कुणाच्या बाजूनं निकाल दिला नाही. तिनं सगळ्यांना समजावलं, की मुलाला आधी भाषा हवी, मग कोणती ते पाहू. पाच-सहा वर्षांपर्यंत कोणतीच भाषा पक्की झाली नाही, तर पुढच्या सगळ्या भाषा कच्च्या राहतात. म्हणून घरात आधी खुणांची भाषा आली. भारतीय सांकेतिक भाषेसाठी २०१५ साली दिल्लीत स्वतंत्र केंद्र स्थापन झालं आणि त्यांच्या कोशात आता दहा हजारांहून अधिक शब्द आहेत. आपा मुलाशी तोंडानं दखनीतच बोलत राहिली आणि हातानं खुणा करत राहिली. लिहिणं-वाचणं मराठीत सुरू झालं आणि आपाही त्याच्याबरोबर मराठी वाचायला शिकली. सर्वांत लवकर खुणा शिकली ती आमची अम्मी, मुलाची नानी. तिला कोणतीच लिपी येत नव्हती, त्यामुळे तिला कोणत्याच लिपीचा अभिमान आड आला नाही. या मुलाला सगळं जमलं, असं मी म्हणणार नाही. त्याच्या मराठीत विभक्तीचे प्रत्यय अजून गळतात. पण त्याला कुणाशीच बोलता येत नाही, असं आज कुणी म्हणू शकत नाही.

हा प्रश्न एका मुस्लिम घराचा नाही. अहिराणी, गोंडी, कोरकू, पावरी, वडारी बोलणारी किती घरं आहेत महाराष्ट्रात! तिथल्या कर्णबधिर मुलांपुढे हाच प्रश्न आहे. आणि विशेष शिक्षणाच्या वर्गात जी पुस्तकं वाचली जातात, ती बहुतेक इंग्रजीत. मराठी वाक्य कर्णबधिर मुलाला कोणत्या क्रमानं शिकवावं, ‘ने’ आणि ‘ला’ कधी शिकवावेत, हे इंग्रजी पुस्तक सांगू शकत नाही. ते काम मराठीच्या अभ्यासकांचं आहे. मराठी विभाग आणि विशेष शिक्षण विभाग यांनी एकत्र बसावं, एवढीच माझी विद्यापीठांकडे मागणी आहे.

आणखी एक विचार मनात येतो. आपल्या परंपरांनी अंध माणसाला मान दिलेला आहे. मदिनेत अजान देणाऱ्यांमध्ये हजरत बिलाल यांच्याबरोबर अब्दुल्लाह इब्न उम्मे मकतूम हे अंध सहाबी होते. विदर्भात गुलाबराव महाराजांना लोकांनी प्रज्ञाचक्षू म्हटलं. अजान असो, कीर्तन असो, जात्यावरची ओवी असो, आपला सगळा वारसा कानांवाटे चालत आला. म्हणून डोळे नसलेल्याला त्यात जागा मिळाली. कान नसलेला मात्र उंबऱ्याबाहेरच राहिला. त्याला आत घेण्याचं काम परंपरेनं केलं नाही, ते आता शाळेला आणि शिक्षकाला करायचं आहे.

त्यासाठी शिक्षक हवेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक अपंग व्यक्तींची नोंद झाली. तेव्हा कायद्यात सातच प्रकार होते. २०१६ च्या कायद्यानं ते एकवीस केले आणि चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ साली रजनीश कुमार पांडे प्रकरणात विशेष शिक्षकांची कायम पदं निर्माण करायला सांगितलं. त्यानंतर प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण केंद्रानं ठरवून दिलं. कायदा आहे, प्रमाण ठरलं आहे, प्रशिक्षित मुलं-मुलीही आहेत. तरी वर्षानुवर्षं कंत्राटावर, एका शिक्षकानं कितीतरी शाळा फिरायच्या, असंच चित्र राहिलं. शिक्षक मंगळवारी आला आणि पुन्हा पुढच्या मंगळवारी येणार असेल, तर मधल्या सहा दिवसांत त्या मुलाला कोण ऐकवणार? मूल रोज वाढतं, त्याचा शिक्षकही रोज हवा.

हे ऐकणाऱ्यांत बारावी किंवा पदवी झालेली मुलं-मुली असतील, तर त्यांना एवढंच सांगतो. दया येते म्हणून या अभ्यासाकडे जाऊ नका, दया सहा महिन्यांत थकते. एखादी गोष्ट समोरच्याला का कळत नाही, याचं ज्याला कुतूहल वाटतं, त्यानं जावं. एकच गोष्ट वीस वेळा वीस तऱ्हांनी सांगताना ज्याला कंटाळा येत नाही, त्यानं जावं. आणि आई-बापांना विनंती, की मुलीनं हा विषय निवडला तर ‘दुसरीकडे नंबर लागला नाही का’ असं विचारू नका. ‘शाखा कोणती घेतलीस?’ असं विचारा. ती अर्धा तास बोलेल, आणि तुम्हाला कधीच कुणी न सांगितलेल्या गोष्टी सांगेल.

माझी भाची आता एका जिल्ह्यात विशेष शिक्षक आहे. तिची नोकरी कायम होईल तेव्हा होईल. मागच्या महिन्यात तिच्याकडे चार वर्षांची एक मुलगी आली, मजुराची. कानात यंत्र नुकतंच बसवलेलं. त्या मुलीच्या आराखड्यात पहिल्या तीन महिन्यांसाठी तिनं एकच ओळ लिहिली आहे: ‘नाव घेतल्यावर पाचपैकी तीन वेळा वळून पाहील.’